डावीकडचा मनोरा

कुणी घराचा किंवा शाळेचा नकाशा पुढं ठेवला, की रामाजी मिस्त्री आधी विचारायचा, "याचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती?" मालक हसून दाखवायचा. मग रामाजी बंडीच्या खिशातून कुंकवाची लहानशी डबी काढायचा, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटानं एक ठिपका लावायचा, आणि त्यानंतरच कागदाकडे नीट पाहायचा. कामठीपासून खापरखेड्यापर्यंतच्या गवंड्यांना ही सवय ठाऊक होती. लोक समजायचे, मिस्त्री देवभोळा आहे, कामाआधी कागदाची पूजा करतो. काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं तर गोदामाच्या नकाशापुढं नारळ आणि उदबत्तीही आणून ठेवली होती. रामाजीनं त्याला काही सांगितलं नाही. ठिपका लावला आणि संध्याकाळी नारळ घरी नेला.

ठिपक्याचं खरं कारण ठाऊक असलेली माणसं दोनच होती. एक त्याची बायको मनकर्णा. दुसरे फादर मार्सेल, आणि ते १९७४ साली वारले.

रामाजी शेंद्रे हा सावळडोहचा. कन्हान नदीपासून कोसभर आत हे गाव आहे. घरची चार एकर शेती भाऊ पाहायचा. रामाजीच्या हातात पोरवयापासून थापी आणि ओळंबा आला. शाळेत तो गेला नव्हता. मोजमाप आणि गुणाकार तोंडी पक्के होते, पण अक्षर कुठलंच येत नव्हतं, मराठी नाही आणि इंग्रजी तर नाहीच.

सावळडोहात चाळीसेक कॅथलिक घरं होती. त्यांचे आजे-पणजे कामठीच्या छावणीत स्वयंपाकी आणि घोड्यांचे मोतद्दार म्हणून दक्षिणेकडून आलेले. पलटणी हलल्या, ही माणसं राहिली. नदीकाठी जमिनी कसू लागली आणि दोन पिढ्यांत त्यांची बोलीही गावासारखीच झाली. त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे मातीच्या भिंतींची, लाकडी खांबांवर उभी असलेली एक लांबट खोली. महिन्यातून एकदा कामठीहून फादर सायकलनं यायचे, मिस्सा करायचे आणि परत जायचे. पावसाळ्यात नाला भरला की तेवढंही होत नसे.

१९५८ साली फादर मार्सेल तिथं राहायलाच आले. फ्रान्सच्या डोंगरी मुलखातला उंच, हाडकुळा माणूस. मराठी ते पुस्तकातून शिकले नव्हते, सावळडोहच्या लोकांकडून शिकले. त्यामुळे बोली गावचीच, फक्त 'र' तेवढा घशातून यायचा. त्यांच्यामुळे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला लागलेली ख्रिस्ती कुटुंबंही रविवारी येऊ लागली. खोली पुरेना. तेव्हा चर्च बांधायचं ठरलं, आणि आसपास दगडकामाचा हात असलेला मिस्त्री एकच होता.

नकाशा फादरांच्या आतेभावानं फ्रान्सहून पाठवला. तो पातळ, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कागदावर होता. त्याची छापील प्रत काढायची तर नागपूरला जावं लागलं असतं. ते आज-उद्या करत राहून गेलं. त्यावरची मापं मीटरमधली, लिखाण फ्रेंच. रामाजीला दोन्हींचा उपयोग नव्हता. फादरांनी त्याला सगळं फुटांत तोंडी सांगितलं आणि त्यानं ते डोक्यात ठेवलं. दालन साठ फूट लांब, चोवीस फूट रुंद. खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत कामठीचा तांबूस दगड, त्याच्या वर वीट, चुना आणि सुरखी. छताला सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. दर्शनी कोपऱ्यात मनोरा, बारा फूट चौरस, पंचेचाळीस फूट उंच. पाया सगळीकडे चार फूट.

खिडक्यांच्या कमानी टोकदार होत्या. गोल कमान रामाजीच्या हातची होती, टोकदार त्यानं कधी केली नव्हती. फादरांनी अंगणात दोन खुंट्या ठोकल्या, दोरीनं एकीवरून एक चाप ओढला, दुसरीवरून दुसरा. दोन्ही जिथं भेटले तिथं टोक झालं.

"दोघांच्या भांडनातून निघालं म्हना," रामाजी म्हणाला.

"भांडन नाई गा. भेट," फादर म्हणाले.

१९६१ च्या एप्रिलमध्ये खोदकाम सुरू व्हायच्या चार दिवस आधी फादरांना विषमज्वर झाला. त्यांना नागपूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. गाडीत पडल्या पडल्या ते रामाजीला म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नको. पावसाआधी जोतं वर आलं पाह्यजे."

रामाजी थांबला नाही. फादरांचे धर्मशिक्षक अंतोन मास्तर यांनी पत्र्याच्या नळीतून नकाशा काढून दिला आणि ते शाळेवर गेले. कित्येक महिने गुंडाळून ठेवलेला तो कागद जमिनीवर पसरला की पुन्हा वळायचा. रामाजीनं दोनदा पसरला, दोनदा तो वळला. मग त्यानं साधी युक्ती केली. कागद उलटा घातला. उलटा घातल्यावर कडा जमिनीला धरून बसल्या. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि काम झालं. रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसत होत्या. अक्षरं उलटी झाली होती, पण रामाजीला ती सुलटी असतानाही उलटीच होती.

दरवाजा रस्त्याकडे आणि वेदी मागं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. ते बरोबर आलं. बाकी सगळ्याची डाव्याची उजवी झाली. रस्त्यावरून पाहिलं तर मनोरा उजवीकडे, कठीण मुरमाच्या बाजूला यायचा होता. तो डावीकडे, नाल्याच्या अंगाला आला. फादरांनी मिस्सेचे कपडे चढवायची खोली डावीकडची उजवीकडे गेली. मनोऱ्यातला चक्री जिना चढताना उजवीकडे वळणारा होता, तो डावीकडे वळणारा झाला. रामाजीनं चुना टाकून आखणी केली, गुण्या लावून कोपरे तपासले, आणि कोपरे अगदी काटकोनात होते.

खोदताना मनोऱ्याच्या जागी काळी माती लागली. चार फुटांवर पाय रुतत होता. रामाजी खाली उतरला, माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाला, "अजून." सहा फुटांवर तेच, सात फुटांवर तेच. माती वाहणाऱ्या बायकांत मनकर्णाही होती. ती म्हणाली, "मुरूम तं तिकडे वरच पडला हाये. या गाळात काहून बांधून राहिले हे फादर?"

"साहेब लोकांचं काई अशीन," रामाजी म्हणाला. साडेनऊ फुटांवर पिवळा मुरूम लागला. तिथून त्यानं दगड बसवत आणला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फादर काठी टेकत परत आले. जोतं कमरेइतकं वर आलं होतं. त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली आणि मनोऱ्याच्या कोपऱ्याशी येऊन थांबले. मग कागद मागितला. हातात धरून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला, आणि तिथंच दगडाच्या ढिगावर बसले.

"रामाजी, तुले अक्षर वाचता येते?"

"नाई फादर."

फादरांनी कागद उन्हाकडे धरला आणि त्याला दोन्ही बाजू दाखवल्या. रामाजीला समजायला फार वेळ लागला नाही. त्याच्या हातातली थापी खाली गेली.

"पाडतो फादर. अजून जोतंच हाये."

"इथं किती खोल गेला?"

"साडेनऊ."

"मी चार सांगतले होते."

"चारवर काळी होती. मुरूम लागेपर्यंत गेलो."

फादरांनी काठीनं त्या कोपऱ्यातला दगड ठोकून पाहिला. गवंडी आणि बायका दूरवर जेवायला बसल्या होत्या, ऐकायला कुणी नव्हतं. ते म्हणाले, "मंग राहू दे." आणि कागद गुंडाळून काखेत मारून निघून गेले.

रविवारी मिस्सेनंतर अंतोन मास्तरांनी चारचौघांत विचारलं, "फादर, नकाशात मनोरा उजवीकडे होता ना? डावीकडे काहून घेतला?" रामाजी तिथंच विटा मोजत उभा होता. फादरांनी मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हृदय कोन्या बाजूले राहते?"

एवढंच. त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त प्रश्न विचारला. पण मास्तरांना तो इतका पटला, की त्या संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चर्चला हृदय आहे, हृदय डावीकडे असतं, म्हणून मनोरा डावीकडे आणि त्यात ठोके देणारी घंटा. खापरखेड्याची माणसं हे आपल्या गावाकडे पत्रात लिहू लागली. गावातला एक शेतकरी, भैयाजी, हा जन्माचा खोडकर. तो पारावर म्हणाला, "पन मास्तर, चर्च तं आपल्याकडे तोंड करून उभं हाये. मंग आपलं डावं ते त्याचं उजवं झालं ना बाप्पा." मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर शोधून आणलं. हृदय चर्चचं नव्हे, आत जाणाऱ्याचं धरायचं. भैयाजी म्हणाला, "अन् बाहेर येनाऱ्याचं?"

१९६३ च्या नाताळात चर्च उघडलं. घंटा रेल्वेनं कामठीला आणि तिथून बैलगाडीनं आली. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला ती वाजू लागली, आणि निंदणाच्या बायका, मग त्या कुठल्याही जातीच्या असोत, बाराच्या ठोक्याला विळे ठेवून भाकरी सोडू लागल्या. फादर मार्सेल मनोऱ्यावर चढताना पहिल्या वळणाशी दर वेळी अडखळायचे. त्यांच्या पायांना उजवं वळण अपेक्षित असायचं. अडखळले की ते खाली उभ्या रामाजीकडे पाहायचे आणि वर जायचे.

त्यानंतर रामाजीला कामाची कमतरता पडली नाही. 'चर्चवाला मिस्त्री' म्हणून काटोलपर्यंत बोलावणं येऊ लागलं. कुंकवाची डबी तेव्हापासूनची. चर्चच्या वार्षिक सणाला तो दर वर्षी धुतलेलं धोतर नेसून शेवटच्या बाकावर बसायचा. फादर मार्सेल गेले, मागून दोन फादर आले, आणि प्रत्येक जण सणाच्या प्रवचनात हृदय डावीकडे असतं हे सांगायचा, कारण अंतोन मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ते सांगायचे. ते वाक्य आलं की रामाजी खाली फरशीकडे पाहायचा. फरशी त्यानंच बसवलेली होती.

१९८३ चा पावसाळा मोठा झाला. पाऊस ओसरल्यावर मनोरा आणि दालनाची भिंत जिथं जुळतात तिथं एक भेग दिसली. दिवाळीपर्यंत तीत बोट जाऊ लागलं. तेव्हाचे फादर लोबो मंगलोरकडचे, शिस्तीचे आणि काळजी करणारे. घंटेखाली मुलं खेळतात म्हणून त्यांनी आधी घंटा बंद केली. बाराचा ठोका थांबला. मग नागपूरहून इंजिनिअर बोलावला.

इंजिनिअर मनोहरराव साठवणे फेब्रुवारीत आले. शांत, नेमके बोलणारे गृहस्थ. भेग अजून वाढते आहे का ते कळावं म्हणून त्यांनी तिच्यावर प्लास्टरनं काचेची पट्टी बसवली. पंधरा दिवसांनी आले तर पट्टी तडकलेली. मग त्यांनी जुना नकाशा मागवला. फादर लोबो आणि अंतोन मास्तर यांनी पत्र्याची नळी आणली. रामाजीलाही बोलावलं होतं. तो सहासष्ट वर्षांचा, भिंतीला टेकून उभा होता.

साठवण्यांनी कागद सुलटा पसरला. "मनोरा उजवीकडे दाखवलाय."

"फादर मार्सेलनं मुद्दाम डावीकडे घेतला," मास्तर म्हणाले आणि हृदयाची हकिकत सांगितली. साठवण्यांनी ती ऐकून घेतली.

"ते ठीक आहे. पण पाया सव्वा मीटर, म्हणजे चार फूट लिहिलाय. मुरमावर चार पुरतात. ही बाजू काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. चार फुटांवर उभा मनोरा आज ना उद्या जाणार."

"पाया साडेनऊ हाये साहेब," रामाजी म्हणाला.

साठवण्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "कुणी सांगितलं होतं साडेनऊ?"

रामाजीचा हात खिशातल्या डबीकडे गेला.

"हे बघा मिस्त्री. तुमच्या फादरांनी छोट्यात छोटा बदल इथं कडेला तारीख घालून इंग्रजीत लिहिलाय. खिडकी सहा इंच वर घेतली, तीही लिहिलीय. त्यांनी मनोरा जाणूनबुजून दुसऱ्या बाजूला घेतला असता, पाया दुपटीहून खोल केला असता, तर ते लिहिलं नसतं का?"

"खोदून पाहा ना साहेब."

"भेगाळलेल्या मनोऱ्याच्या मुळाशी खड्डा घ्यायचा, तोही तेवीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर? त्यात माणूस गेला तर?" साठवण्यांचा आवाज चढला नाही. "आपल्या हातचं काम पडताना वाईट वाटतं. मला समजतं. पण पावसाआधी उतरवून घेतलेला बरा. पुढच्या आठवड्यात येतो आणि लेखी देतो."

फादर लोबोंनी मान हलवली. रामाजी घरी आला.

मनकर्णा अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

"मंग सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"कागद उलटा धरला होता म्हनून."

"तेवीस वर्सांनी? लोक काय म्हनतीन वं? आंधळ्यानं चर्च बांधलं म्हनतीन."

"म्हनू द्या. अक्षराले तं तुमी आंधळेच हा."

रामाजीनं खाटेवर बसून बराच वेळ तंबाखू मळला. "माह्यावालं काई नाई. फादरचा शब्द हाये त्यात. त्यांनी माझ्यापायी ते हृदयाचं काढलं. मी बोललो तं मेलेल्या मानसाले खोटं पाडल्यासारखं होते."

"त्यांनी कुठं काई सांगतलं? तुमीच म्हनता ना, त्यांनी नुसतं इचारलं." मनकर्णानं सूप बाजूला ठेवलं. "अन् मनोरा उतरवला तं काय खरं होऊन जाईन? फादरनं मनोरा राहू दे म्हटलं होतं. तुमची चूक राहू दे म्हटलं नव्हतं." ती उठता उठता म्हणाली, "तुमची चूक माह्या डोक्यावरून गेली हाये, टोपल्या-टोपल्यानं. मले इचाराले कोनी इंजिनिअर नाई आला."

रामाजी त्या आठवड्यात कामावर गेला नाही. रोज सकाळी चर्चच्या आवारात जाऊन यायचा. एक दिवस ओळंबा घेऊन गेला, मनोऱ्याच्या चारही अंगांना लावून पाहिला आणि भिंतीलाही लावून पाहिला. भैयाजी रस्त्यावरून जाताना म्हणाला, "मिस्त्री, मयताची नाडी पाहून राहिले का?" ओळंब्याची दोरी रामाजीनं थापीला गुंडाळली आणि घरी आला.

ठरल्या दिवशी साठवणे लिहून आणलेला कागद घेऊन आले. फादर लोबोंच्या ओसरीवर मास्तरही होते. रामाजी पायऱ्या चढून आला आणि म्हणाला, "साहेब, सही कराच्या आधी तो नकाशा काढा."

नकाशा आला. रामाजी खाली बसला. कागद पसरला, तो वळला. मग त्यानं तो उलटा घातला आणि चार कोपऱ्यांवर हाताला लागलं ते ठेवलं. फादरांचा पेपरवेट, मास्तरांचा चष्म्याचा डबा, स्वतःची कुंकवाची डबी, ओळंबा.

"असा ठेवला होता मी. फादर दवाखान्यात होते. आता पाहा."

साठवणे वाकले. मनोरा डावीकडे होता. कपड्यांची खोली उजवीकडे. त्यांनी बोटानं जिना दाखवला. "हा कोणीकडे वळतो?"

"आता कागदावर डावीकडे. वर जाऊन पाहा."

साठवणे उठले, मनोऱ्यात शिरले आणि थोड्या वेळानं परत आले. हृदयासाठी मनोऱ्याची बाजू कुणी बदलली असती, पण जिन्याचं वळण कोण कशाला बदलेल. ते खुर्चीवर बसले. "म्हणजे फादरांनी बदललं नाही."

"नाई. मी चुकलो. काळी माती लागली म्हनून मुरूम लागेपर्यंत गेलो. त्यांनी सांगतलं नव्हतं, म्हनून कागदावर नाई. अन् त्यांनी नंतर लिवलं नाई, कारन लिवलं असतं तं माही चूक लिवा लागली असती." रामाजीनं दम घेतला. "मनोरा हलला नाई साहेब. ओळंब्यात हाये. हलली ती भिंत. भिंतीचा पाया चारच फूट हाये, तिचं शेवटचं टोक काळीत हाये. ती माती फुगते अन् भिंत मनोऱ्यापासून सुटते."

मग अंतोन मास्तर म्हणाले, "म्हंजे तेवीस वर्सं मी लोकाईले खोटं सांगून राहिलो?"

"तुमी नाई मास्तर. मी गप राहिलो."

"अन् फादर?"

"त्यांनी तुमाले फक्त इचारलं होतं. उत्तर तुमी देल्लं."

मास्तरांनी चष्म्याचा डबा उचलला आणि आत निघून गेले. डबा उचलताच कागदाचा तो कोपरा वाऱ्यावर फडफडला.

साठवण्यांची नजर कुंकवाच्या डबीवर गेली. "हे काय?"

कागदाची सुलटी बाजू पुन्हा चुकू नये म्हणून ठिपका लावतो, असं रामाजीनं सांगितलं. फादर लोबो हसले नाहीत. त्यांनी डबी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. साठवण्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात घातला. "भेगेपासून लांबच्या अंगाला खड्डा घेऊ. फळ्यांचा आधार लावून. मी समोर उभा राहीन."

मार्चच्या मधल्या आठवड्यात खड्डा घेतला. गावातले बरेच जण पाहायला आले, मनकर्णाही आली आणि सावलीला बसली. मास्तर आले नव्हते. चार फुटांवर दगडाचं बांधकाम संपलं नाही. पाचवर नाही, सातवर नाही. साठवणे मधूनमधून खाली वाकून पाहत होते. दुपारनंतर खालच्या मजुरानं हाक दिली आणि पिवळ्या मुरमाचं घमेलं वर पाठवलं. साठवण्यांनी स्वतः उतरून टेप लावला.

"नऊ फूट सात इंच."

"मी तं दहा म्हनत होती," मनकर्णा म्हणाली.

मनोरा राहिला. भिंतीचं काळ्या मातीतलं टोक खोदून तिथं मुरूम भरला, कौलांचं पाणी नाल्याकडे नेलं, आणि मनोरा व भिंत यांच्यामध्ये साठवण्यांनी अंगठ्याएवढी फट मुद्दाम ठेवायला लावली, दोघांनी आपापल्या जागी हलावं म्हणून. हे काम रामाजीनंच केलं. एप्रिलमध्ये घंटा सुरू झाली. पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला शेतातल्या काही बायकांनी मान वर करून पाहिलं आणि विळे खाली ठेवले.

लोकांनी फार काही म्हटलं नाही. भैयाजीनं आठवडाभर रामाजीला पाहिलं की हातातलं वर्तमानपत्र उलटं धरलं, मग तोही कंटाळला. अंतोन मास्तर रामाजीशी पावसाळा लागेपर्यंत बोलले नाहीत. चर्चच्या पंचविशीसाठी ते एक लहानशी पुस्तिका लिहीत होते. तिच्यातलं मनोऱ्याचं पान त्यांनी फाडलं, पुन्हा लिहिलं आणि एका संध्याकाळी रामाजीच्या अंगणात येऊन वाचून दाखवलं. मिस्त्रीनं नकाशा उलटा पाहिला, पाया खोल नेला आणि फादरांनी मनोरा राहू दिला, एवढं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती, फादरांनी विचारलेल्या प्रश्नाची. उत्तर लिहिलेलं नव्हतं.

"बराबर हाये?" मास्तरांनी विचारलं.

"बराबर हाये."

पुस्तिका पुढं छापली गेली. लोकांनी घरोघर जपून ठेवली आणि हृदय डावीकडे असतं असंच सांगत राहिले.

त्याच पंचविशीसाठी, १९८८ च्या नाताळाआधी, फादर लोबोंनी तो ट्रेसिंगचा कागद काच लावून घ्यायला कामठीच्या फ्रेमवाल्याकडे पाठवला. फ्रेम आली आणि कपड्यांच्या खोलीत टांगली. मास्तरांनी ती पाहिली मात्र, त्यांनी कपाळाला हात लावला. फ्रेमवाल्यालाही फ्रेंच येत नव्हतं. वळणारा कागद त्यानं जसा बसला तसा बसवला होता. अक्षरं सगळी उलटी, मनोरा डावीकडे.

"परत पाठवा लागते," मास्तर म्हणाले. "इचित्र दिसते हे."

रामाजी फ्रेमजवळ गेला. आता त्याची नजर अधू झाली होती, म्हणून काचेला नाक लागेल इतका. त्यानं दरवाजा पाहिला, खोली पाहिली, जिन्याचं वळण बोटानं फिरवून पाहिलं.

"राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "आता जुळते."

मग खिशातून डबी काढली, काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका लावला आणि बोट धोतराला पुसलं.